सोनकड्याचा किल्लेदार आणि आम्ही

आमचे हे आयुष्यात एकदाच मोठं खोटं बोलले, आणि तेही तोंड न उघडता. नुसती मान हलवली. बारा वर्षं झाली त्याला. अजूनही ती हललेली मान माझ्या डोळ्यांसमोर येते, आणि वाटतं, तेव्हाच दोन्ही हातांनी धरून ठेवायला हवी होती.

तेव्हा आम्ही दुबईत नवे होतो. इंटरनॅशनल सिटीत एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं, मध्ये प्लायवूडची भिंत. आमची अंतरा पाच वर्षांची. ह्यांनी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला गावाकडून मागवून इथल्या दुकानांना द्यायचा धंदा नुकताच सुरू केला होता, आणि दुकानदार दारातूनच ‘बाद में आओ’ म्हणून वाटेला लावायचे. त्या फेब्रुवारीत आम्ही पहिल्यांदा इथल्या मराठी मंडळाच्या शिवजयंतीला गेलो. एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. पुण्याहून आलेल्या व्याख्यात्यांनी सोनकडा किल्ल्याची हकीकत सांगितली. किल्लेदार मालोजी गडतरे, हाताशी नव्वद माणसं, आणि सात महिने चाललेला वेढा. लोक डोळे पुसत होते. मीही पुसले.

मग जेवणं सुरू झाली. हे वाढायला उभे होते. मंडळाचे सेक्रेटरी भानुदासभाऊ ताट घेऊन आले आणि ह्यांच्या शर्टावरचं नावाचं स्टिकर वाचून थबकलेच.

‘गडतरे? म्हणजे त्या गडतऱ्यांपैकी?’

ह्यांनी मान हलवली आणि त्यांच्या ताटात मसालेभात वाढला.

आता खरं काय ते सांगते. आमच्या गडतऱ्यांचा त्या गडतऱ्यांशी काडीचाही संबंध नाही. आजेसासरे मिरचीचे व्यापारी. सोनकडा आमच्या गावापासून पावणेदोनशे किलोमीटर लांब, आणि घरातलं कुणी कधी तिकडे फिरकलेलंही नाही. सासूबाईंना मी मुद्दाम विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ‘किल्ला? दिवाळीत पोरं अंगणात मातीचा करतात, तेवढाच गं आपल्याला माहीत.’

त्या दिवशी घरी येताना बसमध्येच मी ह्यांना धरलं. ‘अहो, हे काय करून बसलात?’

‘अगं, त्यानं विचारलं, मी हो म्हटलं. इथं कोण तपासायला येतंय?’

ते मात्र खरं होतं. गावात असतो तर लोकांनी आमची सात पिढ्यांची अंडीपिल्ली काढली असती. इथं एमिरेट्स आयडीवर नाव आणि आडनाव, बास. आमच्या मंडळाची एक पद्धत आहे. रस्त्यावर मिरवणूक काढायची सोय नाही, म्हणून पालखी शाळेच्या बास्केटबॉल कोर्टाला तीन फेऱ्या मारते. त्यातल्या पहिल्या फेरीचा खांदा ऐतिहासिक घराण्यांच्या वंशजांचा. माइकवरून एकेकाचं नाव पुकारतात. आमचं धरून अशी सात घराणी होती तेव्हा आमच्या मंडळात. त्यातली खरी किती, ते मला विचारू नका. मी माझ्या घरातलं तेवढं सांगते.

दुसऱ्या वर्षी ह्यांना फेटा बांधला. तिसऱ्या वर्षी स्मरणिकेत छापायला वंशावळ मागितली, तर ह्यांनी पुण्याच्या एका माणसाकडून ती करून घेतली. साडेतीनशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे सहा हजार रुपये. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर बारा पिढ्या, सगळ्यात वर मालोजी आणि सगळ्यात खाली अंतराचं नाव. ते नाव तरी काढायला सांगायला हवं होतं. पण मी मूग गिळून बसले. दुकानदार आता ह्यांना ‘सरदार, या’ म्हणून आत बसवत होते. प्लायवूडची भिंत जाऊन आम्ही शारजात अल मजाजला, लगूनसमोरच्या टॉवरमध्ये राहायला आलो होतो. मंडळातल्या बायका मला सरदारीणबाई म्हणायच्या आणि मला ते आवडायचं. माझा दोष मी कशाला झाकू?

पण पोरीला त्यात ओढायला नको होतं.

अंतराची शाळा दुबईत. शारजाहून सकाळी हे तिला गाडीनं सोडायला निघाले की त्या ट्रॅफिकमध्ये तास कुठेच गेला नाही. त्या तासात हे तिला मालोजीच्या गोष्टी सांगायचे. व्याख्यानातलं दोन दिवसांत संपलं, मग पदरचं घालायला लागले. मालोजीच्या घोडीचं नाव, त्याच्या बायकोनं दागिने मोडून धान्य कसं आणलं, तो शत्रूच्या वकिलाला काय म्हणाला. इथली पोरं मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्येच उत्तर देतात, आमचीही तसलीच. जेवायला बोलावलं तर ‘कमिंग, आई’. पण मालोजीचा विषय निघाला की ही मुलगी मराठीत बोलायची. अडखळत, पण मराठीत. तिला दुसरं गाव नव्हतं. सुट्टीत गावी नेलं तर तिला डास चावायचे आणि दोन दिवसांत कंटाळा यायचा. तिचं गाव म्हणजे सोनकडा.

मी ह्यांना म्हणायचे, तिला खरं काय ते सांगून टाका. हे म्हणायचे, लहान आहे, मोठी झाली की सांगू. ती मोठी झाली तसं सांगणं अवघड होत गेलं.

मग गेल्या वर्षी ती मालिका आली.

सोनकड्यावर मालिका येणार म्हटल्यावर मंडळात नुसती धमाल. पहिला भाग सगळ्यांनी मोठ्या पडद्यावर एकत्र बघितला, आणि दिवा लावायला कोण, तर आमचे हे. पुढचे तीन महिने संध्याकाळी सात वाजले की आमच्या घरात टीव्हीसमोर पाच-पंचवीस माणसं. मी भजी तळून तळून थकले. मालोजीचं काम करणारा नट देखणा होता. अंतरा त्याचा प्रत्येक संवाद पाठ करायची.

चौथ्या महिन्यात मालोजीच्या डोळ्यांत काजळ वाढलं. तो पडद्यावर आला की मागे वेगळंच संगीत वाजायला लागलं. मी तेव्हाच ओळखलं. मालिका बघण्यात माझी हयात गेलीय. किल्ला शेवटी कसा पडला ते कुणालाच नक्की माहीत नाही. व्याख्याते म्हणाले होते, दारूगोळा संपला. पण संपलेला दारूगोळा दाखवून मालिकावाल्यांना काय मिळणार? त्यांना फितूर हवा होता. मालोजीनं जहागिरीच्या लालचेनं मध्यरात्री दरवाजा उघडला, आणि तो दरवाजा उघडायला त्यांनी सोमवार ते शनिवार असे सहा भाग घेतले. सोमवारी आमच्या घरी वीस माणसं होती. शनिवारी आम्ही तिघं.

त्या नटाचा दरवाजा ओढतानाचा फोटो, खाली ‘या, या’ असं लिहिलेलं स्टिकर मंडळाच्या ग्रुपवर फिरायला लागलं. कुणी उशिरा आलं की ते टाकायचे. ह्यांनी कपाळाला हात लावला आणि ग्रुप म्यूट केला. पण शाळा म्यूट करता येत नाही. भानुदासभाऊंची पर्णिका अंतराच्याच वर्गात, पहिलीपासूनची मैत्रीण. तिनं वर्गात सगळ्यांना समजावून सांगितलं की अंतरा त्याची कोण लागते. मग पोरांनी खेळच सुरू केला. अंतरा येताना दिसली की कुणीतरी पुढे धावून दार उघडायचं आणि कमरेत वाकायचं. वर्गाचं दार, लॅबचं दार, लायब्ररीचं दार. बारावीचं वर्ष आणि हे नाटक.

ती रडत आली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. पण ती रडली नाही. दप्तर ठेवलं आणि म्हणाली, ‘दे आर लाइंग अबाउट हिम, आई. समबडी हॅज टू से इट.’

आणि कामाला लागली. मोडी लिपीचा ऑनलाइन क्लास लावला. पुण्याच्या एका बाईंना ईमेल करून करून त्यांच्याकडून कुठल्या दप्तरातल्या कागदांचे फोटो मागवले. फिजिक्सच्या पुस्तकाखाली मोडीची वही. वीस दिवसांनी ती कागद घेऊन स्वयंपाकघरात आली. तीन पत्रं सापडली होती. मालोजीनं वेढ्यातून पाठवलेली. ‘आई, तिन्ही पत्रांत तो एकच गोष्ट मागतो. दारूगोळा पाठवा. ज्याला दार उघडायचंय तो दारूगोळा कशाला मागेल?’ सगळं वाक्य मराठीत. मी पोळी तव्यावर तशीच सोडून तिच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी दुबईत कुसैसला, ह्यांच्या मसाल्याच्या गोदामात जाऊन ह्यांना गाठलं. ‘आजच्या आज तिला सांगा. ती दुसऱ्याच्या आजोबासाठी जीव टाकतेय.’

‘सांगतो. बोर्डाची परीक्षा होऊ दे. इन्शाल्ला.’

‘तुमचं इन्शाल्ला मला कळतं. त्याचा अर्थ कधीच नाही.’

‘तिला काय सांगू, नर्मदे? की तुझा बाप लबाड आहे?’ आणि हा पन्नाशीचा माणूस मसाल्याच्या पोत्यावर बसून लहान मुलासारखा रडायला लागला. मला त्यांची दया आली, आणि तिथंच मी चुकले. मी स्वतः घरी जाऊन तिला सांगायला हवं होतं. पण तिच्या बापाला तिच्यासमोर खोटं पाडायचं धाडस मला झालं नाही. वाटलं, ज्यानं सुरुवात केली त्यानंच मिटवावं.

जानेवारीत भानुदासभाऊंचा फोन आला. ‘दौलतराव, यंदा पहिल्या खांद्याला तुम्ही जरा मागे राहा. तुम्हाला माहितेय, मी असलं मानत नाही, पण कमिटीत सगळे सेन्सिटिव्ह झालेत.’ फोन ठेवून हे माझ्याकडे बघून हसले. किती महिन्यांनी हसले असतील. म्हणाले, ‘खलास. सुटलो. मान गेला, आता हळूहळू विषयही जाईल.’ मलाही तसंच वाटलं. पण अंतरानं शिवजयंतीतल्या युवा मनोगत स्पर्धेचा गुगल फॉर्म स्वतःच भरून टाकला होता, ते आम्हाला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कळलं. विषयाच्या जागी तिनं लिहिलं होतं, माझे पूर्वज.

मी म्हटलं, नको जाऊस. ती म्हणाली, ‘फाइव्ह मिनिट्स, आई. मला फक्त पाच मिनिटं पाहिजेत.’ हे गाडी पुसायला खाली गेले. सकाळी साडी नेसवताना मी तिच्या निऱ्या दोनदा सोडल्या आणि दोनदा घातल्या, उशीर होईल तेवढा बरा म्हणून.

हॉल भरलेला होता. ती माइकपाशी गेली तेव्हा मागच्या रांगांतून कुजबुज झाली, मग हसू. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बोलायला लागली. तिचे उच्चार इथलेच, र जरा मऊ, पण शब्द स्वच्छ. तिनं तिन्ही पत्रं पडद्यावर दाखवली, ओळीवर बोट ठेवून वाचली. कुठल्या तारखेला पाठवलं, उत्तर का आलं नाही. हळूहळू हॉल शांत झाला. पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं माना हलवायला लागली. मंडळातल्या विद्युल्लताताई, ज्यांनी दोन महिने माझ्याकडे बघितलं नव्हतं, त्या पदरानं डोळे टिपत होत्या. मला वाटलं, जिंकली पोरगी.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, ‘घरचीच वकील आहे, बोलणारच.’ लोक हसले. फार नाही, पण हसले.

अंतरा डगमगली नाही. म्हणाली, ‘हो, मी घरचीच आहे. बारा पिढ्यांनंतरची. माझ्या बाबांना विचारा. बाबा, या ना वर.’

हे उठले. मला वाटलं, जाऊन तिच्या शेजारी उभे राहतील. तेवढंच पुरलं असतं हो. काही बोलायचीही गरज नव्हती. बारा वर्षांत खरं बोलायच्या हजार वेळा आल्या आणि गेल्या. रोज सकाळचा तो गाडीतला तास होता. आणि ह्या माणसानं नेमका तोच क्षण निवडला.

माइक हातात घेऊन म्हणाले, ‘पोरीला हसू नका. तिचा काही दोष नाही. त्या किल्लेदाराशी आमचं काही नातं नाही. मी खोटं बोललो होतो.’

भानुदासभाऊ हळूच स्टेजवर गेले. त्यांच्या हातात जुनी स्मरणिका होती. आवाज अगदी गोड. ‘दौलतराव, ही वंशावळ तुम्हीच दिली होती ना? मालिका येईपर्यंत तो पूर्वज होता, आणि आता नाही?’

‘अहो, ती बनावट आहे. चहात बुडवलेला कागद आहे तो.’

आता कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. माझ्या शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, ‘निदान पोरीसमोर तरी असं करायला नको होतं.’ एका माणसाला, एकाही माणसाला ह्यांचं खरं वाटलं नाही. सगळ्यांना एवढंच दिसलं, की अंगावर यायला लागल्यावर ह्यांनी स्वतःचा आजोबा झटकून टाकला.

मी अंतराकडे बघत होते. ती बापाकडे बघत होती. मग तिनं कागद नीट जुळवले, फाइलमध्ये घातले आणि स्टेजच्या पलीकडच्या पायऱ्यांनी उतरून गेली.

परतताना ती मागच्या सीटवर बसली. नेहमीचाच ट्रॅफिक. मी सगळं सांगितलं. मसालेभात, हललेली मान, मिरचीचा धंदा, पुण्याचा माणूस, काही म्हणता काही ठेवलं नाही. हे स्टिअरिंगवरून म्हणाले, ‘अंतरा, आई खरं सांगतेय, बाळा.’

‘मालोजीच्या घोडीचं नाव काय?’ तिनं मराठीत विचारलं.

‘ते मीच बनवलं होतं.’

‘आणि बायकोचे दागिने?’

‘तेही.’

तिनं फाइल बाजूला ठेवली. मग म्हणाली, ‘व्हॉट डिड दे थ्रेटन यू विथ? बिझनेस?’

घरी येऊन मी सासूबाईंना फोन लावला, स्पीकरवर ठेवला. त्या म्हणाल्या, ‘नाही गं बाळ, आपण मिरचीवाले.’ अंतरानं फोन बंद केला आणि म्हणाली, ‘तुम्ही तिला आधीच शिकवून ठेवलंत.’ आम्ही शिकवलं नव्हतं. पण आम्ही शिकवत नाही यावर विश्वास ठेवायला आता तिच्याकडे कारण काय होतं?

हे तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, ‘लोक तुला हसत होते. मला बघवेना. वाटलं, नातं तोडलं की तुझ्यावरचं हसणं थांबेल.’

‘ऑल यू हॅड टू डू वॉज स्टँड देअर, बाबा.’ तिचा आवाज चढला नाही. ‘ही नेव्हर ओपन्ड द गेट. यू डिड.’

त्यानंतर ती बापाशी बोलली नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. ह्यांनी काही विचारलं की ती उत्तर मला द्यायची. परीक्षेला स्कूल बसनं गेली. मार्क चांगले पडले. इंजिनिअरिंगचे फॉर्म भरले होते ते तसेच ठेवून ती पुण्याला इतिहास शिकायला गेली. एअरपोर्टवर माझ्या गळ्यात पडली, ह्यांच्या पाया पडली. परक्या मोठ्या माणसाच्या पडतो तशी. मी गावाहून जुने सातबारे, आजेसासऱ्यांच्या दुकानाच्या पावत्या मागवून तिला पाठवल्या. तिनं पाकीट परत पाठवलं नाही, पण काही म्हणालीही नाही. उघडलं की नाही कुणास ठाऊक.

आता ती सोनकड्यावर व्हिडिओ करते. बरेच लोक बघतात. मालिकेचा विषय कधीच मागे पडला, त्या नटाची दुसरी मालिका सुरू झाली, आमच्या मंडळातले लोक पुन्हा ह्यांच्याकडून भाजणी घेतात. पालखीच्या पहिल्या फेरीला आता सहा घराणी आहेत. अंतरा मात्र अजून त्या किल्ल्यावरच आहे. हे तिचा एकही व्हिडिओ सोडत नाहीत. गोदामात दुपारी जेवताना डब्याला टेकवून फोन ठेवतात.

परवा मी डबा घेऊन गेले तेव्हा नवा व्हिडिओ आला होता. अंतरा किल्ल्याच्या दरवाजात उभी. ‘नमस्कार, मी अंतरा गडतरे.’ मराठी इतकं सहज, की क्षणभर मला दुसऱ्याच कुणाची मुलगी वाटली. खाली कुणीतरी विचारलं होतं, ताई, तुमच्या घराण्यात आता कोण कोण आहे?

तिनं उत्तर लिहिलं होतं, ‘आता कोणीही उरलेलं नाही. मी एकटीच आहे.’

ह्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग फोन माझ्याकडे दिला.

‘बघ,’ म्हणाले, ‘एकही चूक नाही. किती शुद्ध लिहायला लागलीय.’